अक्षरजुळणीचे गणित

जनुकीय माहितीच्या संगणकीय अभ्यासाची सुरुवात डीएनएपासून नव्हे, प्रथिनांपासून झाली. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ व सहकाऱ्यांनी १९६५ साली ६५ प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह छापला. संगणकात जागा वाचावी म्हणून अमिनो आम्लांना एकाक्षरी खुणा देण्याची पद्धतही डेहॉफ यांचीच.

दोन क्रम ताडून पाहण्याची रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये मांडली. आज ती अशी शिकवतात: एक क्रम तक्त्याच्या वर, दुसरा डावीकडे लिहायचा. प्रत्येक घराचे गुण वरच्या, डावीकडच्या आणि तिरक्या घरावरून काढायचे. अक्षर जुळले तर गुण वाढतात, जागा रिकामी सोडली तर कापले जातात. शेवटच्या घरातून उलट मागे आले की सर्वोत्तम जुळणी हाती येते. हे वहीवरही जमते, चिकाटी तेवढी हवी. मात्र हजार-हजार अक्षरांच्या दोन क्रमांना दहा लाख घरे लागतात.

स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ मध्ये हीच रीत क्रमांच्या केवळ जुळणाऱ्या तुकड्यांसाठी बदलली. १९९० च्या ‘ब्लास्ट’ या संगणक-प्रणालीने सगळा तक्ता भरणेच सोडले: आधी छोटे जुळणारे तुकडे हेरायचे, मग तेवढेच वाढवायचे. त्यात एखादी जुळणी निसटते, पण वेगापुढे संशोधकांनी ती तडजोड पत्करली, आणि ते योग्यच झाले. ‘ब्लास्ट’ आजही मोफत उपलब्ध आहे.