औंधांतील दोन चित्रकार

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें नव्या विद्येच्या वाटेस जाऊं नये, असा आपल्या मध्यमवर्गांत एक समज आहे. पेन्शन, नातवंडें व तीर्थयात्रा यांपलीकडे उत्तरायुष्याचा विचार आपण क्वचितच करतों. औंधाचा इतिहास चाळतांना मात्र हा समज टिकत नाहीं, असें आम्हांस आढळून आलें.

औंध संस्थान लहान व विखुरलेलें होतें. खुद्द औंध आज सातारा जिल्ह्यांत, तर त्याचे आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यांत मोडतात. १९०९ सालीं गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे पदवीधर राजे. चित्रकला हा त्यांचा व्यवसाय नव्हे. तरी रामायणावरील चित्रें त्यांनीं स्वतः काढिलीं व १९१६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं.

या राजाच्या आश्रयास १९१८ सालीं पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आले. यांची वाट नेमकी उलट. जन्म १८६७ चा, सावंतवाडीकडील कोलगांवचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत. चित्रकार म्हणून त्यांनीं प्रथम हैदराबादेस व पुढें लाहोरास बस्तान बसविलें. राष्ट्रीय मतांपायीं हैदराबाद सोडावें लागलें. औंधास आल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनीं कुंचला खालीं ठेविला आणि स्वाध्याय मंडळ स्थापून वेदांचें संपादन व भाष्य यांस वाहून घेतलें.

यांत महाराष्ट्रानें एक चित्रकार गमाविला, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. हातीं आलेली कला सोडणें हें नुकसानच होय. परंतु १९४८ सालीं, ऐंशीच्या घरांत, औंधहि सोडण्याची वेळ आली, तेव्हां हा वृद्ध गुजराथेंत पारडीस गेला आणि तेंच कार्य पुन्हा मांडून बसला. १९६८ सालीं, वयाची शंभर वर्षें पुरीं झाल्यावर, ते निवर्तले. त्यांनीं ठेविलेला कुंचला पुत्र माधवराव यांनीं उचलला. ते नामांकित चित्रकार झाले व महाराष्ट्राचे कलासंचालकहि.

उत्तरायुष्यांत नवी विद्या साधते ती केवळ हौसेनें नव्हे. तिला रोजचा अभ्यास लागतो, आणि आश्रयहि लागतो. औंधानें तो दिला. आतां संस्थानें गेलीं. आपल्या घरांतील निवृत्त वडिलांनीं उद्यां रंगांची पेटी मागितली, तर आपण हंसूं कीं त्यांस खिडकीजवळची जागा करून देऊं?