मनाची मशागत

आमची आजी अंबाजोगाईला नर्स होती. रिटायर झाल्यावर तिचा एक नेम होता. रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचायचं. पण पुस्तक उघडायच्या आधी ती पाच-दहा मिनिटं ते तसंच मांडीवर घेऊन बसायची. सुट्टीत गेलो की आम्हा पोरांना वाटायचं, आजीला डुलकी लागली!

एकदा मात्र ती तशीच उठली, पायात चपला सरकवल्या आणि शेजारच्या काकूंकडे गेली. सकाळी नळावर दोघींचं चांगलं वाजलं होतं. अर्ध्या तासाने परत आली, हातपाय धुतले आणि मगच पुस्तक उघडलं. मी विचारलं, "आधी वाचून मग गेली असतीस तर?" तर म्हणाली, "नांगरल्याशिवाय पेरतात का रे?"

बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू. उन्हाळ्यात नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, धसकटं वेचायची आणि मृगाची वाट बघायची. पेरणी दोन दिवसांची, मशागत दोन महिन्यांची. पडीक जमीन नांगरा, असं बायबलमधले होशेय आणि यिर्मया हे संदेष्टेही सांगतात. येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच आहे, फरक पडतो तो जमिनीमुळे.

जुन्या करारात एज्रा नावाचा एक शास्त्री आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. त्याच्याबद्दल सातव्या अध्यायात एक वाक्य येतं. त्याने मन तयार केलं होतं. कशासाठी, तर देवाचं नियमशास्त्र शोधायला, ते पाळायला आणि मग इतरांना शिकवायला. तिथल्या 'तयार करणे' या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ 'पक्कं बसवणं, स्थिर करणं' असा आहे. क्रम बघा. शिकवणं सगळ्यात शेवटी! आपण बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. (इंजिनिअर मंडळींना हे जास्त लागू. मॅन्युअल न वाचता दुसऱ्याला सल्ला देण्यात आपला हात कोण धरणार?)

तर हे 'मन तयार करणं' प्रत्यक्षात कसं घडतं आणि त्याला किती वेळ लागतो? आपल्या मराठी मुलखात याची काही सुंदर उदाहरणं आहेत.

पहिलं अर्थातच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाला. टिळकांना ना ते भाकीत पटलं ना ते पुस्तक आवडलं. पण हातात आलेलं पुस्तक पेन्सिलीने खुणा करत पूर्ण वाचायचं, ही त्यांची शिस्त. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोचले आणि तिथून त्यांना हलताच येईना.

आता गंमत बघा. मराठी नवा करार श्रीरामपूरला १८११ सालीच छापला गेला होता. म्हणजे पुस्तक मिळत नव्हतं अशातला भाग नव्हता. टिळकांच्या बाबतीत बी पडलं तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती, आणि ती नांगरली होती मराठी संतांनी. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतःच म्हणत. तरीही वाचणं आणि पाळणं यात दोन वर्षं गेली. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. किंमत मोठी होती. जात गेली, नातेवाईक गेले आणि बायको-मुलापासून ताटातूट झाली.

त्या बायकोची, म्हणजे लक्ष्मीबाईंची गोष्ट मला टिळकांच्या गोष्टीपेक्षा जास्त जवळची वाटते. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर आधी ते वाचा, हा लेख नंतर वाचला तरी चालेल! नवऱ्याने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाई लगेच बदलल्या नाहीत. पुढे त्याच्याकडे राहायला आल्या तरी सोवळं-ओवळं चालूच. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग कधीतरी स्वतःशीच विचार करता करता त्यांना प्रश्न पडला, की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्यांच्या मनाची नांगरट कुठल्या चर्चमध्ये झाली नाही, स्वयंपाकघरात झाली. शेजाऱ्यावर प्रीती करा हे वाक्य तोंडपाठ होणं सोपं आहे, पण त्याच शेजाऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरायला वर्षं लागतात.

तिसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेज इथे २९ सप्टेंबर १८८३ला झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या जे कबूल करतात ते वाचून मी थबकलो. त्या सांगतात की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं लागली. एवढी विद्वान बाई, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिलेली, आणि आपल्याला अजून कळलेलं नव्हतं असं जाहीर लिहिते!

आणि पुढे काय केलं? केडगावच्या मुक्ती मिशनचा प्रचंड पसारा सांभाळत, उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईने संस्कृत शब्द मुद्दाम टाळले, कारण त्यांच्यापुढे दुष्काळातून वाचवून आणलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. काम हातावेगळं करूनच गेल्या. नंतर ते बायबल मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं. शोधा, पाळा, मग शिकवा. एज्राचा क्रम इतका नेमका पाळलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता परत अंबाजोगाईला येऊ, कारण एक धागा थेट तिथे जातो.

टिळकांच्या काळातले एक मिशनरी होते रेव्हरंड जस्टिन अॅबट. अमेरिकन मराठी मिशनचे. १८८१ साली भारतात आले, इथे जवळजवळ तीस वर्षं काढली. शिकवायला आलेला हा माणूस. पण अमेरिकेत परत गेल्यावर, म्हातारपणी, त्याने काय केलं? मराठी संतांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणायला घेतल्या. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास... १९२६ पासून १९३२ साली मृत्यू येईपर्यंत हेच चालू. आणि त्या मालिकेत एक पुस्तक आहे आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांवर!

दासोपंत म्हणजे सोळाव्या शतकातले दत्तभक्त. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिणारे. त्यांची पासोडी अंबाजोगाईत आहे. सुमारे ४० फूट लांब कापड आणि त्यावर 'पंचीकरण' हा अख्खा ग्रंथ हाताने लिहिलेला. आजी मला ती दाखवायला घेऊन गेली होती. "बघ, हे डोक्यात बसावं म्हणून माणसाने काय केलंय," एवढंच म्हणाली. तिचं शास्त्र वेगळं होतं, पण मेहनत तिला ओळखता आली. अॅबटनाही ती ओळखता आली असणार. ज्या तुकारामाच्या पुलावरून टिळक आले, तो पूल अॅबट उतारवयात उलट्या बाजूने चालून पाहत होते, असं मला वाटतं. आपला विश्वास न सोडता दुसऱ्याचं ऐकून घ्यायला मन आधी तयार करावं लागतं.

थोडक्यात काय, तर दोन वर्षं, पाच वर्षं, आठ वर्षं. या मोठ्या माणसांनाही एवढा वेळ लागला, आणि त्यांनी तो लपवला नाही. आपल्याला सगळं एका क्लिकवर हवं असतं. माझ्या मोबाईलमध्ये आज बायबलची चार भाषांतरं आहेत. वाचनाची आठवण करून द्यायला अलार्मसुद्धा आहे. पुस्तक मांडीवर बंद ठेवून बसणं तेवढं जमत नाही.

टिळक ज्या प्रवचनापाशी अडकले त्यातच एक सूचना आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि आपल्या भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आजी त्या संध्याकाळी काकूंकडे का गेली, ते मला हे लिहिताना कळलं. इतकी वर्षं मला ती नुसती म्हण वाटत होती.

आजीच्या घराच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या भावाचं दोन वर्षं बोलणं नाहीये. चूक कोणाची, यावर माझ्याकडे भक्कम मुद्दे आहेत, बहुधा त्याच्याकडेही असतील.

असो. लेख रात्रीच लिहून झाला होता. सकाळी इथे टाकायच्या आधी त्याला फोन लावला. त्याने उचलला. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. तिकडे पाऊस झाला का, एवढं विचारलं. म्हणाला, अजून नाही, पण रान तयार आहे.