हेल्मेट फक्त हायवेवरच? गावातल्या रस्त्यावरही नियम लागू. कायदा काय सांगतो, वाचा

शेतापर्यंत दोन किलोमीटर जायचं, त्याला हेल्मेट कशाला? हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये शहर आणि खेडं असा फरकच नाही. त्यात शब्द आहे ‘सार्वजनिक ठिकाण’, म्हणजे लोकांना ये-जा करण्याचा हक्क असलेला कुठलाही रस्ता. गावरस्ताही त्यात आला. स्वतःच्या शेतात गाडी फिरवली तर गोष्ट वेगळी.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून भागत नाही, पट्टा बांधलेला हवा. कायद्यात दंड १ हजार रुपये आणि लायसन्स तीन महिने बाद; तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं.

सक्तीला विरोध जुनाच आहे. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली, ती विरोधामुळे बारगळली. पुण्यातही आंदोलनं झाली. उकाडा, मानदुखी, मागचा हॉर्न ऐकू न येणं ही नेहमीची कारणं. ‘आधी खड्डे बुजवा’ ही मागणी तर रास्तच, पण खड्ड्यात गाडी आदळली की आपटतं ते डोकंच. अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघाती मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के कमी होतो.

घेताना आयएसआय शिक्का आणि ‘आयएस ४१५१’ हा आकडा बघा. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपीवर तो असेलच असं नाही.