नाडीचा आकडा आणि नाडीची लय

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१मध्ये, अनेक घरांत पल्स ऑक्सिमीटर आला. बोटाला लावायच्या त्या चिमट्यावर दोन आकडे दिसतात. प्राणवायूचा आकडा सर्वांना तोंडपाठ झाला. नाडीचा मात्र अनेकांना विनाकारण घाबरवून गेला. नाडी ९८ दिसली की धास्ती आणि ५४ दिसली की त्याहून अधिक धास्ती! वस्तुतः हे दोन्ही आकडे निरोगी माणसाचे असू शकतात.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. तेथून निघालेल्या विद्युत्संदेशाने हृदय आकुंचन पावते आणि धमन्यांतून एक लाट पुढे सरकते. मनगटाशी बोटांना जाणवते ती हीच लाट. हा पुंजका मोकळा सोडला तर तरुण माणसात मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. परंतु मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याला सतत लगाम घालत असते. म्हणून स्वस्थ बसलेल्या प्रौढाची नाडी साधारणतः ६० ते १०० या मर्यादेत राहते. लांब पल्ल्याच्या धावपटूंत ती ४०-५०पर्यंत उतरते, तर नवजात बालकात १२०-१६० असते.

भीती, राग, श्रम यांनी नाडी वाढते, हे सांगायला नकोच. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की सुमारे दहा ठोके वाढतात. विषमज्वरात मात्र ती त्या मानाने मंद राहू शकते. रक्तक्षय, अंगातील पाणी कमी होणे, थायरॉईडचा अतिस्राव आणि दम्यावरील सल्बुटामॉल यांनीही ती जलद होते. उलट रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी मंदावते आणि आजारपणातही ती अपेक्षेइतकी वाढत नाही. हे घरच्यांना ठाऊक असावे. नाडी मंद दिसली म्हणून अशी गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे.

आपल्या जुन्या वैद्यांनी नाडीच्या आकड्यापेक्षा तिच्या गतीकडे अधिक लक्ष दिले. शार्ङ्गधरसंहितेत सर्प, बेडूक, हंस यांच्या चालींशी तिची तुलना आढळते. त्यातील दोषविचार बाजूला ठेवला, तरी लय पाहण्याची सवय मोलाची आहे. कारण उतारवयात आढळणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशन या विकारात ठोके कोणत्याही क्रमाविना पडतात. हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. यंत्र सरासरी दाखवते. पडद्यावर निश्चिंत करणारा ७८ असतो आणि लय मात्र पार बिघडलेली असते. वेळीच निदान झाल्यास रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी हा धोका बराच कमी करता येतो. तरुणांत श्वासाबरोबर नाडी किंचित कमीजास्त होते, ती मात्र स्वाभाविक होय.

नाडी मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. नुकताच चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवावीत, अंगठा नव्हे, कारण त्याची स्वतःचीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई न करता पूर्ण मिनिट मोजावे, म्हणजे चुकलेला ठोका कळतो. विश्रांतीतही नाडी वारंवार १००च्या वर राहत असेल किंवा लय सतत विस्कळीत वाटत असेल, तर डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा. सोबत छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ असेल, मग आकडा कोणताही असो, तत्काळ रुग्णालय गाठावे.