हिंगोलीतली शेव्हरलेट : भंगार की दस्तऐवज?

मराठवाड्याच्या इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर शिलालेख, सनदा, निजामाच्या मुलकी खात्याचे अहवाल आणि मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणी येतात. लोखंडी पत्र्याची मोटारगाडी या यादीत कुणी धरत नाही. गाडी बंद पडली की ती गोठ्याशेजारी उभी राहते, तिच्यावर कडबा रचला जातो, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात आणि एक दिवस भंगारवाला किलोच्या भावाने घेऊन जातो. हिंगोली जिल्ह्यातल्या अशा एका गाडीचे काय करावे, हा प्रश्न २०२३ साली माझ्यापुढे आला. तो सोडवताना हाती लागलेले इथे मांडतो आहे, कारण तो एका गाडीपुरता राहिला नाही.

गाडी म्हणजे शेव्हरलेट कंपनीचा छोटा मालवाहू ट्रक, आज आपण ज्याला पिकअप म्हणतो तसा. पुढे दोघे-तिघे बसतील एवढी केबिन, मागे सागवानी फळ्यांचा हौदा. कुटुंबाचे नाव आणि गाव मी त्यांच्याच इच्छेवरून सांगत नाही. घरात तीन मते होती. थोरल्यांना जागा मोकळी हवी होती. नातवाला गाडी नव्यासारखी करून घ्यायची होती. आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे अमृतमहोत्सवी वर्ष असल्याने गावातल्या काही मंडळींना ती रंगवून १७ सप्टेंबरला चौकात ठेवायची होती, कारण 'रझाकारांच्या काळात पैनगंगेपलीकडच्या कँपांना याच गाडीतून सामान जायचे' अशी आख्यायिका होती. नातू मला म्हणाला, "काका, तुम्ही लिहून द्या. तुमच्या लिहिण्याला वजन राहील." लिहून देण्याआधी गाडी पाहणे भाग होते.

आख्यायिकेची पार्श्वभूमी

आख्यायिका हवेत उभी नव्हती. १९४८ साली हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा तालुका आणि हैदराबाद संस्थानाचा सीमावर्ती भाग होता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर निजामाचे करोडगिरी खाते जकात घेई. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगावच्या नावात 'नाका' अजून शिल्लक आहे. मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाके हे सत्याग्रहींचे आणि सशस्त्र तुकड्यांचे ठरलेले लक्ष्य होते, आणि उमरखेडसारख्या सीमेपलीकडच्या गावांत कँप होते. एखाद्या व्यापाऱ्याची गाडी या कामी आली असेल, हे अशक्य नाही.

पण त्या वर्षीची परिस्थितीही ध्यानात घ्यावी लागते. भारत सरकारने संस्थानाची आर्थिक कोंडी केली होती. पेट्रोल दुर्मीळ होते. रात्री दिवे लावून, आवाज करत नदीच्या उतारावर जाणारी मोटार ही लपून करायच्या कामाला फारशी सोयीची नव्हे. कार्यकर्त्यांच्या आठवणींत पायी चालणे, बैलगाडी आणि घोडे अधिक येतात ते याचमुळे. एवढ्यावरून आख्यायिका खोटी ठरत नाही, पण पुरावा मागण्याइतकी शंका येते.

गाडीचे वय कसे काढले

मी मोटार मिस्त्री नव्हे. पण जुन्या वस्तूचे वय तिच्या बारीकसारीक बदलांवरून काढायची रीत इतिहासात जुनी आहे. मंदिराचा काळ आपण खांबांच्या घडणीवरून, नाण्याचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवतो. शेव्हरलेटचे हे गोल चेहऱ्याचे ट्रक अमेरिकेत १९४७च्या मध्यावर बाजारात आले आणि १९५५पर्यंत निघत राहिले. या आठ वर्षांत कंपनीने जे फेरफार केले त्यांच्या नोंदी जगभरच्या हौशी लोकांनी चोख ठेवल्या आहेत.

आपल्या गाडीची समोरची काच मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांची आहे. १९५४च्या मॉडेलपासून ती अखंड झाली. म्हणजे गाडी त्याआधीची. दाराच्या काचेपुढे हवेसाठी उघडणारी लहान तिकोनी काच आहे. ती १९५१ला आली. दाराची मूठ खाली दाबून उघडायची नाही, तिच्यात अंगठ्याने दाबायचे बटण आहे. ते १९५२ला आले. चौथा पुरावा गिअरबॉक्सवर मिळाला. तेल आणि मातीचा थर रॉकेलने धुतल्यावर ओतीव अक्षरे दिसली : बी, बारा, दोन. शेव्हरलेटच्या ओतकामात पहिले अक्षर महिन्याचे, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे १२ फेब्रुवारी, आणि वर्ष दोनवर संपणारे. एकटा दोनचा आकडा १९४२, १९५२, १९६२ यांपैकी काहीही सांगू शकतो. काच आणि मूठ यांच्याशी जुळते ते १९५२च. गिअरबॉक्स बदललेला असू शकतो, दारही बदललेले असू शकते. पण दोन्ही दारे, काच आणि गिअरबॉक्स हे सगळे स्वतंत्रपणे एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील, तर उलट सांगणाऱ्याने पुरावा द्यायचा.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला शरण आले. ही गाडी तेव्हा जन्मलीच नव्हती.

शिवडीहून हिंगोलीला

मग ती आली कुठून? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. फोर्डनेही देशात तेच काम चालवले होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून कुर्ल्याला डॉज, फार्गो यांची जुळणी चालवली, ती भारतीय मालकीची म्हणून वेगळी. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की नुसती जुळणी न करता टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनाच थारा मिळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. १९५४लाच टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि हायवेवरचे राज्य बदलले. आपली शेव्हरलेट म्हणजे शिवडीच्या कारखान्याच्या शेवटच्या वर्षांतली. नुसती चेसिस आणि केबिन घ्यायची आणि हौदा स्थानिक सुताराकडून बांधून घ्यायचा, ही तेव्हाची रीत. हौद्याच्या सागवानी फळ्यांवर रंध्याच्या खुणा अजून बोटाला लागतात.

गाडीचे खरे आयुष्य मात्र घरातल्या एका खातेवहीत सापडले. कापडी बांधणीची, मोडीमिश्रित देवनागरीतली ही वही कुणी उघडून पाहिली नव्हती. सुरुवातीच्या पानांवर तारखा तुटक आहेत. पण हिशेब रुपये-आण्यांत आहेत आणि हाली नव्हे, 'कलदार' असे स्पष्ट लिहिले आहे. पुढे 'न. पै.' दिसू लागतात. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, तेव्हा ही पाने त्यानंतरची. पेट्रोल आधी गॅलनमध्ये लिहिले आहे, नंतर लिटरमध्ये. म्हणजे साठचे दशक उजाडले. सरकी, कापसाच्या गाठी, हिंगोली स्टेशन, गुळाच्या भेल्या, लग्नाचे भाडे. मग काही काळ सिद्धेश्वर धरणाच्या कामावरच्या खेपा : दोरखंड, पहारी, मजुरांसाठी ज्वारी. एका पानावर नांदेडच्या गॅरेजला दिलेली मोठी रक्कम आहे, आणि त्यानंतर पेट्रोल कायमचे बंद होऊन डिझेल सुरू होते. गाडीत आज जे इंजिन आहे ते शेव्हरलेटचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन नव्हेच. ते पर्किन्सचे डिझेल आहे, मद्रासच्या सिम्सन कंपनीने बनवलेले. पेट्रोल पिणाऱ्या अमेरिकन गाड्यांना असे डिझेलचे काळीज बसवणे तेव्हा देशभर चालू होते.

वहीतली शेवटची सलग नोंद १९७२-७३ची आहे. 'सुकडी पोती', 'मिलो पोती', पुढे गावाचे नाव आणि खेप. पानामागून पान तेच. त्या दुष्काळात खडी फोडायला, रस्त्यांना, नाला-बांधांना माणसे लागली होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. वहीत आलेल्या एका वाडीवर मी गेलो. ऐंशीच्या पुढच्या एका आजींना रझाकारांच्या गाडीबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "रझाकाराचं मला काई ठाव नाई बाबा. सुकडी मातर हिच्यातच यायची. लेकरं फुफाट्यात गाडीमागं पळायची. एखादं पोतं फाटलेलं असलं तं खाली सांडलेली येचून खायची."

दुरुस्त करावी का?

आता मूळ प्रश्न. प्रथम लोखंड काय म्हणते ते पाहू. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या मिस्त्रींना सोबत नेले होते. त्यांची परीक्षा सोपी होती. हातोडीने हलके ठोकायचे : खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा, बद्द आला तर आत पापुद्रे सुटलेले. शंका आली तिथे पेचकस टोचायचा. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या खणखणीत निघाल्या. कमानपाटे गंजलेले, पण शाबूत. केबिनचे तळपत्रे, पायरीच्या आतला भाग आणि दारांचा खालचा हातभर पत्रा मात्र चाळणी. फाळका नाहीच. मिस्त्रींचे मत : "चेसिस हाय तं गाडी हाय. बाकी पैशाचा खेळ."

हा पैशाचा खेळ खेळता येतो. अमेरिकेत हे मॉडेल इतके लाडके आहे की त्याचे जवळजवळ सगळे पत्रे आजही नवे बनवून मिळतात. पेट्रोल इंजिनही मिळेल. नवी केबिन, नवे इंजिन, नवा हौदा, झगमगीत रंग. नातवाच्या मोबाइलवर तशा गाड्यांची चित्रे होती. पण त्यातून निघेल ती १९५२ साली अमेरिकेतल्या दुकानात उभी असलेली गाडी. हिंगोलीत वीस वर्षे राबलेली गाडी त्यात उरणार नाही.

कायद्याचीही मदत थोडीच. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी. पण त्यात गाडी खासगी, बिगरव्यावसायिक वापराची हवी आणि चेसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आपली गाडी दोन्ही अटींत नापास. ती आयुष्यभर भाड्याने फिरली, आणि तिचे काळीज बदललेले आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस या नियमात सहज बसतात. ज्या गाड्यांनी मजुरी केली त्या बसत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, २०१२-१३ साली तुरिनचा जाहीरनामा स्वीकारला. वास्तुजतनाच्या १९६४च्या व्हेनिस जाहीरनाम्याचा हा मोटारींसाठीचा धाकटा भाऊ. जपणे आणि नव्यासारखे करणे यांत तो फरक करतो आणि पहिल्याला पसंती देतो. गाडीच्या कामाच्या आयुष्यात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग मानतो. हे समजायला आपल्याला तुरिनला जायला नको. औंढ्याला नागनाथाच्या देवळासमोर उभे राहावे. खालचा भाग यादवकाळातल्या घडीव, कोरीव दगडाचा, आणि वरचे बांधकाम उघडच नंतरचे, वेगळ्या हाताचे. शिखर उतरवून देऊळ 'मूळ' रूपात आणा, असे कुणी म्हणत नाही. पडझड आणि पुन्हा उभारणी दोन्ही त्यात वाचता येतात. नामदेवांच्या कीर्तनासाठी हेच देऊळ फिरल्याची कथाही आपण सांगतो. ती श्रद्धेची कथा आहे, तिला तारीख नाही. गाडीच्या आख्यायिकेला तारीख आहे, म्हणून ती तपासावी लागते. ज्यांनी खरोखर पायी पैनगंगा ओलांडली त्यांच्या कष्टांशेजारी न घडलेली खेप उभी करणे, हा त्यांचा सन्मान नव्हे.

मी कुटुंबाला लेखी मत दिले. चौकात मुक्तिसंग्रामाची गाडी म्हणून ठेवू नये. भंगारातही घालू नये. सैल गंज तारेच्या ब्रशने काढून उरलेल्या पत्र्याला जवसाच्या उकळलेल्या तेलाचा हात द्यावा, तळपत्रे फक्त भार पेलण्यापुरते बदलावेत आणि काढलेले तुकडे ठेवून द्यावेत, हौद्याच्या फळ्यांना हात लावू नये, पर्किन्स इंजिन काढू नये, वर पत्र्याची शेड घालावी. खातेवहीची छायाचित्रे काढून मूळ वही कोरड्या पेटीत ठेवावी. गाडीपेक्षा ती लवकर जाईल.

चौकाची मंडळी नाराज झाली. घरचे थोरले अजून जागेचा हिशेब मांडतात. शेड झाली आहे. नातवाने इंजिनचे नोझल आणि पंप नांदेडला दाखवायला नेले आहेत. पर्किन्सचे सुटे भाग अजून मिळतात, त्यामुळे ते चालू होईल असा मिस्त्रींचा अंदाज आहे. मराठवाड्यात गोठ्याशेजारी अशा किती गाड्या उभ्या असतील त्यांच्या मालकांना एवढीच विनंती : भंगारवाल्याला हाक मारण्याआधी गिअरबॉक्सवरची माती धुऊन आकडे टिपून घ्या, आणि माळ्यावर वही आहे का ते बघा.