चिनी लोकजीवन व संस्कृती : प्राथमिक शिक्षणातील परिचय

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांतून मुलांना करून देण्यात येणारी चीन देशातील लोकांच्या राहणीची, चालीरीतींची व संस्कृतीची ओळख. प्राथमिक अभ्यासक्रमात हा स्वतंत्र विषय नाही. इतिहास, भूगोल, भाषा व परिसर अभ्यास यांच्या अनुषंगाने तो येतो. त्यामुळे मराठी मुलाच्या मनातील चीनची प्रतिमा प्राचीन काळचा एक प्रवासी, विसाव्या शतकातील एक डॉक्टर आणि एक युद्ध अशा तुटक प्रसंगांतून घडत आली आहे. चिनी मुलाचे घर, शेत, शाळा व सण यांना तीत फारसे स्थान मिळाले नाही. ही उणीव स्थानिक परिसराच्या आधारे कशी भरून काढता येते, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके येथे उदाहरणादाखल घेतले आहेत.

प्राचीन संबंध : इतिहासाच्या पाठात चीन प्रथम येतो तो ह्युएनत्संग (युआन श्वांग) या बौद्ध भिक्षूच्या रूपाने. इ. स. ६२९ ते ६४५ या काळात त्याने मध्य आशियातून भारतात येऊन परतीचा प्रवास पूर्ण केला आणि ६५७ ग्रंथ स्वदेशी नेले. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला होता. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक साधे, प्रामाणिक व मानी आहेत. उपकार ते विसरत नाहीत आणि अपमान सहन करीत नाहीत. सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना देतात, असे वर्णन त्याने केले आहे. सहावीच्या प्राचीन भारताच्या इतिहासात या प्रवाशाचा परिचय होतो. परंतु तो भारताविषयीचा साक्षीदार म्हणून. त्याचा स्वतःचा देश कसा होता, हा प्रश्न पाठात सहसा उपस्थित होत नाही.

या काळापूर्वीही चीनचे नाव भारतीयांना परिचित होते. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘चीनपट्ट’ या वस्त्राचा व कालिदासाच्या शाकुंतलात ‘चीनांशुका’चा उल्लेख आहे. मराठीतील ‘चिनी माती’ हा शब्द आणि मूळ चिनी असलेला ‘चहा’ हा शब्द यांतून तो संबंध घरोघर टिकून आहे. ब्रिटिश अमदानीत पूर्वेकडील वसाहतींतून आणलेले चिनी कैदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महाबळेश्वर येथील तुरुंगात होते. तेथील भाजीपाल्याच्या मळ्यांत त्यांचे श्रम होते आणि तेथील एका धबधब्याला ‘चायनामन’ हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. शाळांच्या सहली महाबळेश्वरला नेहमी जातात. या नावामागील माणसे मात्र मुलांना अज्ञातच राहतात.

डॉक्टर कोटणीस : इंदापूर तालुक्याला लागूनच सोलापूर जिल्हा आहे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) यांचा जन्म सोलापूरचा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले आणि १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी हे ते पाच होत. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले. यात ‘यिन’ म्हणजे भारत व ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या डॉ. कोटणीस की अमर कहानी (१९४६) या चित्रपटाने हे चरित्र घरोघर पोहोचविले. सोलापूर येथील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने या चरित्राचे महत्त्व दुहेरी आहे. शेजारच्या जिल्ह्यातील एका माणसाने परकी भाषा कशी शिकली, तेथील अन्न, थंडी व माणसे कशी आपलीशी केली, हे सांगताना चिनी खेड्यातील जीवन ओघानेच वर्णावे लागते. शिवाय चिनी माणसे येथे केवळ उपकार घेणारी ठरत नाहीत. ती सहकारी, विद्यार्थी व आप्त म्हणून दिसतात. मात्र त्याग व मृत्यू यांवरच भर दिला, तर हा पाठ केवळ गौरवगाथा होतो आणि चीन पार्श्वभूमीपुरताच उरतो.

१९६२ चे वळण : १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतील खेड्यांच्या प्राथमिक शाळा पुणे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आल्या. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबर रोजी, भारत–चीन युद्ध सुरू झाले. १९५४ च्या पंचशील करारानंतर ‘हिंदी–चिनी भाई-भाई’ ही घोषणा सर्वत्र ऐकू येत होती. युद्धाने ती एकाएकी अर्थशून्य झाली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी ठिकठिकाणी वर्गणी गोळा झाली आणि त्या पिढीतील मुलांच्या मनात चीन हे शत्रूचे नाव म्हणून रुजले.

युद्धाचा इतिहास मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. परंतु राज्यकर्त्यांचे धोरण आणि लोक यांतील भेद न शिकविल्यास काय घडते, याचे उदाहरण त्याच काळातील आहे. मुख्यतः आसाम व उत्तर बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या सु. ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत शाळकरी मुलेही होती. अलीकडे, २०२० मधील करोना साथीच्या काळात, पुणे-मुंबईसह अनेक शहरांत ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना ‘चिनी’ म्हणून हिणविले गेले. आपल्याच देशबांधवांचे चेहरे ज्यांना ओळखता आले नाहीत, त्यांच्याही शिक्षणाचा आरंभ प्राथमिक शाळेतच झाला होता.

परिसराधिष्ठित अध्यापन : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे हे प्राथमिक शिक्षणाचे मान्य तत्त्व आहे. तिसरीत मूल आपला जिल्हा शिकते आणि पुढे त्याचे क्षेत्र विस्तारत जाते. बारामती व इंदापूर या तालुक्यांत चीनकडे नेणाऱ्या ज्ञात गोष्टी पुष्कळ आहेत.

त्यांपैकी पहिली साखर. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या अवर्षणप्रवण भागात खेळू लागले आणि पुढे ऊस हे येथील प्रमुख पीक बनले. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव व सोमेश्वरनगर ही गावे साखर कारखान्यांमुळे प्रसिद्धीस आली. ऊसाच्या रसापासून साखर करण्याची विद्या भारताने चीनला दिली. इ. स. ६४७ मध्ये थांग सम्राटाने ती शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठविल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. उलट हिंदी भाषेत साखरेला ‘चीनी’ म्हणतात. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली, हे मुलाला आपल्या शिवारातील पिकावरूनच कळू शकते.

दुसरी गोष्ट रेशीम. तुतीची लागवड व रेशीमकीटकांचे संगोपन हा या भागातील शेतकऱ्यांचा जोडधंदा असून बारामती येथे रेशीमकोषांची बाजारपेठ आहे. हा व्यवसाय मूळचा चीनचा. तिसरी गोष्ट कागद. चिनी परंपरेनुसार इ. स. १०५ मध्ये त्साय लुन याने कागदाची कृती राजदरबारी सादर केली. ती मध्य आशियामार्गे भारतात आली आणि पुणे जिल्ह्यातीलच जुन्नर हे गाव हातकागदासाठी नावाजले. चौथी गोष्ट पाहुण्या पक्ष्यांची. उजनी जलाशयावर भिगवणजवळ हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस (पट्टकादंब) येतात. त्यांची वीण तिबेट, छिंगहाय व मंगोलिया येथील सरोवरांकाठी होते. नकाशावर त्यांचा मार्ग दाखविला, की हिमालयापलीकडील प्रदेश मुलाला आपल्या जलाशयाशी जोडलेला दिसतो.

शेती व आहार यांची तुलनाही सोपी आहे. इंदापूरच्या मुलाचे मुख्य अन्न भाकरी, कोकणातील मुलाचे भात. तसाच भेद चीनमध्ये उत्तर व दक्षिण यांत आहे. ह्वांग हो नदीच्या कोरड्या खोऱ्यात गहू व बाजरीवर्गीय धान्ये, तर यांगत्सीच्या दक्षिणेस भात. सगळे चिनी लोक केवळ भातच खातात, हा समज यामुळे दूर होतो. कालव्याकाठच्या मुलाला सु. १,८०० किमी. लांबीच्या चिनी महाकालव्याचे महत्त्वही सांगावे लागत नाही.

कुटुंब, पंचांग व लिपी : मराठीत काका, मामा, आत्या, मावशी ही नाती वेगवेगळ्या शब्दांनी ओळखली जातात. चिनी भाषेतही तसेच असून, त्यापुढे जाऊन वडिलांचा थोरला भाऊ व धाकटा भाऊ यांसाठीही भिन्न शब्द आहेत. चिनी पंचांग चांद्र-सौर असून सुमारे १९ वर्षांत ७ अधिक मास धरण्याची रीत त्यात आहे. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा उत्सव कोजागरीची, तर छिंगमिंग हा पूर्वजस्मरणाचा दिवस पितृपक्षाची आठवण करून देतो. साम्याबरोबर फरकही दाखविले पाहिजेत. चिनी लिपीत वर्णमाला नाही. एक चिन्ह म्हणजे सामान्यतः एक अक्षरोच्चार व त्याचा अर्थ. बाराखडीवर मराठी मूल वाचू लागते. चिनी मुलाला सहावीअखेर सु. ३,००० चिन्हे ओळखावी व २,५०० लिहावी लागतात. दोन-चार चिन्हे फळ्यावर काढून मुलांना गिरवावयास दिल्यास परकी भाषा बोलणाऱ्या मुलाच्या कष्टांची त्यांना प्रत्यक्ष कल्पना येते.

दोष व मर्यादा : अशा पाठांत दोन दोष संभवतात. पहिला, चीन म्हणजे विचित्र गोष्टींचा संग्रह असे चित्र उभे करण्याचा. लांब वेणीचा चिनी माणूस चित्रांत दीर्घकाळ राहिला. वास्तविक ती वेणी सतराव्या शतकात मांचू राज्यकर्त्यांनी सक्तीने लादली होती आणि १९११ च्या क्रांतीनंतर ती गेली. चिनी बोलण्याची नक्कल करून हशा मिळविणे हाही याच दोषाचा प्रकार होय. दुसरा दोष, ५६ मान्यताप्राप्त वांशिक समूह असलेल्या देशाला एकजिनसी समजण्याचा. याखेरीज ग्रामीण शाळेतील एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असतात आणि नकाशा व चित्रे यांपलीकडे साधने नसतात, ही अडचण खरी आहे. तथापि वर सांगितलेल्या पाठांना लागणारी साखर, रेशीमकोष, कागद व चहा ही साधने गावातच मिळतात. जलाशयावरचे पक्षी दर हिवाळ्यात येतात आणि काका-मामा प्रत्येक घरी असतातच.