उपयोजित गणितातील पीएच.डी. : पात्रता ते पदवी

भारतातील विद्यापीठांत उपयोजित गणितातील पीएच.डी. पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले विनियम आधारभूत आहेत. आयआयटीसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचे नियम स्वतंत्र असतात.

पात्रता : संबंधित विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह संपादन केलेला विद्यार्थीही थेट अर्ज करू शकतो. आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ५ टक्क्यांची सवलत आहे.

प्रवेश आणि शिष्यवृत्ती : सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत ‘गणितीय विज्ञान’ हा विषय असतो. नेटमधील गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय आयोगाने मार्च २०२४ मध्ये घेतला. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये करण्यात आली. अनेक संस्था ‘गेट’ परीक्षेचे गुणही विचारात घेतात.

अभ्यास आणि कालावधी : प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. त्यात संशोधन व प्रकाशनविषयक नीतिमत्तेचा समावेश असतो. या विषयात विकल समीकरणे, संख्यात्मक विश्लेषण, द्रवगतिकी, इष्टतमीकरण आदी शाखांची पायाभरणी याच टप्प्यात होते. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा असून, पुनर्नोंदणीद्वारे आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्याशिवाय दोन वर्षांची मुभा आहे. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजा घेता येते.

शोधप्रबंध : प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची २०१६ च्या विनियमांतील सक्ती २०२२ मध्ये वगळण्यात आली, मात्र संस्था स्वतःची अट घालू शकतात. सक्ती गेली तरी कसोटी सौम्य झालेली नाही. संगणकावर मिळालेले उत्तर पुरेसे ठरत नाही; मांडलेले प्रतिमान का योग्य आहे आणि पद्धत कितपत अचूक आहे, हे गणिती सिद्धतेने अथवा काटेकोर पडताळणीने दाखवावे लागते. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एकाने तो नाकारल्यास पर्यायी परीक्षकाचे मत घेतले जाते. त्यानेही नकार दिल्यास प्रबंध फेटाळला जातो. अनुकूल अहवालांनंतर खुली मौखिक परीक्षा होते.

त्यामुळे विषयाची निवड आणि मार्गदर्शकाशी सातत्यपूर्ण संवाद यांना प्रवेशपरीक्षेतील गुणांइतकेच महत्त्व आहे.